खताचा खर्च कोणत्या रकान्यात?

आमच्या घरात खताचा विषय निघाला की आवाज चढतात. मजुरीवर वर्षाला त्याच्या कितीतरी पट जातं, त्यावर कुणी भांडत नाही. औषधांचं बिल तर मुकाट्यानं भरलं जातं. पण या वर्षी डीएपी खताच्या दोन गोण्या कमी आणूया असं कुणी म्हणालं की आप्पा, म्हणजे माझे सासरे, ताटावरून उठायच्या बेतात येतात. "रान उपाशी ठेवायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग पुतण्या मोबाइल पुढे करतो. कुठल्याशा ॲपनं आमच्या प्लॉटचा हिरवा-पिवळा नकाशा काढलेला असतो. आप्पा चष्मा लावून तो नीट बघतात आणि विचारतात, "यात लाइट कधी येणार ते दिसतं का?"

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतपासून जवळच आमचं रान आहे. द्राक्षाचे प्लॉट आणि थोडा उन्हाळ कांदा. मी अकरावी-बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर शेताची वही आपसूक माझ्याकडे आली. वेलीकडे बघून तिला काय हवंय ते ओळखणं मला आप्पांसारखं जमत नाही, ह्यांच्यासारखंही नाही. वही मात्र वाचता येते. आणि ती वाचून वाचून माझं एक मत झालंय: मोजूनमापून खत देण्यात पैसा आहे का, याचं उत्तर खताच्या रकान्यात सापडत नाही. तिथं शोधलं तर दोन-चार गोण्यांचे पैसे हाती लागतात आणि माणूस म्हणतो, एवढ्यासाठी कोण माती घेऊन लॅबला जाणार?

तर आधी तो गोण्यांचा हिशेब उरकून टाकू. युरियाची गोणी ४५ किलोची, छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. युरियात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे गोणीत २०.७ किलो. किलोभर नत्र तेरा रुपयांच्या आत पडलं. डीएपीची गोणी ५० किलोची, १,३५० रुपयांची. तिच्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फरस). त्या नत्राचे युरियाच्या भावानं ११६ रुपये वजा केले, तर उरलेल्यात स्फुरद किलोला साडेत्रेपन्न रुपयांच्या आसपास जातं. नत्राच्या चौपट. ही तफावत सरकारी धोरणातून आली आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशाच्या (पोटॅशच्या) खतांना त्यातल्या अन्नद्रव्याप्रमाणे ठरावीक अनुदान द्यायचं धोरण आलं, आणि युरिया त्याच्या बाहेर ठेवला गेला. त्याची किंमत बांधलेली ती बांधलेलीच. २०२२-२३ मध्ये देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलं, त्यातला मोठा हिस्सा युरियाचा.

आता दुसरी बाजू बघा. आमच्याकडे बागेत येणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज युरियाच्या गोणीपेक्षा जास्त आहे. प्लॉटचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची माती वेगळी काढायची, कुठे किती टाकायचं ते ठरवून तसं टाकायचं, यात जो माणूस गुंततो त्याचा रोज वाचलेल्या युरियाहून भारी. मग दोनऐवजी तीन गोण्या टाकणाऱ्याचं चुकलं काय? भाव त्याला तेच करायला सांगतायत. शेतकरी अडाणी आहे, खतं वारेमाप टाकतो, असं भाषणात म्हणणाऱ्यांनी आधी दुकानातला भावफलक वाचून यावा.

(आणि तो २६६.५० तरी खरा कुठे असतो? ऐन हंगामात युरियाबरोबर एखादं सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट नाहीतर टॉनिकची बाटली गळ्यात मारली जाते. याला सगळे सरळ 'लिंकिंग' म्हणतात. वहीत ते पाकीट वेगळ्या नावानं चढतं, त्यामुळे युरिया कागदोपत्री स्वस्तच राहतो. वर, पैसे दिलेत तर वाया कशाला घालवायचं म्हणून ते पाकीटही ड्रीपमधून जातं.)

काटेकोर शेती हा शब्द आपल्याकडे आला तो दूरच्या मोठ्या रानांतून. अमेरिकेत सरासरी शेत साडेचारशे एकरांच्या वर आहे. तिथं कापणीच्या यंत्रावर उपग्रहाची दिशा आणि उत्पादनाचं मोजमाप एकत्र बसवलं, त्यातून रानाचा नकाशा निघाला, आणि त्या नकाशाप्रमाणे चालता चालता खताची मात्रा कमी-जास्त करणारी यंत्रं आली. यंत्राची किंमत हजारो एकरांवर वाटली जाते. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. तेवढ्यावर काय वाटणार? पण गंमत म्हणजे त्या मोठ्या रानांतही फायद्याचा आकडा वाटतो तेवढा मोठा निघत नाही. डेव्हिड पॅनेल नावाच्या ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. खताच्या मात्रेप्रमाणे नफा कसा बदलतो याचा आलेख काढला, तर त्याचा माथा सपाट असतो. अंजनेरी चढताना दम लागतो, पण एकदा वर पठारावर पोचलं की शंभर पावलं इकडे झाली काय नि तिकडे झाली काय, उंचीत फरक पडत नाही. तसंच नेमक्या मात्रेपेक्षा थोडं कमी-जास्त झालं तर नफा जवळजवळ तेवढाच राहतो. उत्पादन थोडं घटलं तर खताचे पैसे वाचतात, खत थोडं जास्त गेलं तर उत्पादन किंचित वाढतं. मग अगदी टोकाच्या नेमकेपणासाठी पैसे मोजण्यात अर्थ किती?

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आप्पा जिंकले. हिशेब शिकवणारीला हा युक्तिवाद चटकन पटतो.

पण तो आलेख खताचा खर्च आणि पिकाचं उत्पादन एवढंच धरून काढलेला असतो. गहू-मक्याला ते पुरतं. द्राक्षबागेत जास्तीच्या नत्रानंतर पुढे काय काय होतं, ते आलेखात कुठे येतं? तिथं पठार संपून कडा लागतो, आणि त्याची किंमत खताच्या नावानं कधीच लिहिली जात नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण बागेशी संबंध नसलेल्यांना ते दिसत नाही. आपल्याकडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळछाटणी मालासाठी. एप्रिलनंतर काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होत असतो. त्या वेळी वेल नुसती वाढीच्या मागे लागली की डोळ्यात घड कमी धरतात. त्यात आमच्या बहुतेक बागा डॉगरिज खुंटावर, म्हणजे त्या जातीच्या मुळावर कलम केलेल्या. क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून तो आला, पण त्याचा जोम मुळातच दांडगा. त्याला भरपूर नत्र आणि वरून पावसाळा मिळाला की शेंडे थांबत नाहीत. मग काय करायचं? शेंडे मारायचे, बगलफूट (पानांच्या बगलेतून फुटणारी नवी फूट) काढायची, पुन्हा काढायची. प्रत्येक वेळी बाया लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर वाढ रोखणारं औषध फवारायचं. म्हणजे वेलीला पळवण्यासाठी पैसे दिले, आणि ती पळाली म्हणून आवरायला पुन्हा दिले. वहीत पहिला खर्च 'खते'मध्ये, दुसरा 'औषधे'मध्ये आणि तिसरा 'मजुरी'त.

त्या वाढ रोखणाऱ्या औषधाचं नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपल्याकडे सीसीसी. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत याचेच अंश सापडले. तिथली तेव्हाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. माल अडकला, दर कोसळले, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक निर्यातदार बागायतदारांचं वर्ष गेलं. त्या घटनेबद्दल बोलताना सगळे औषधाबद्दल बोलतात, तपासणीबद्दल बोलतात, युरोपवाल्यांच्या कडक नियमांबद्दल बोलतात. सीसीसी काही फक्त नत्रामुळे मारावं लागतं असं नाही. खुंट, पाऊस, ढगाळ हवा, सगळ्यांचा त्यात हात. तरी वेल एवढी माजली का, आणि तिला आवरायची वेळ का आली, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही.

ऑक्टोबरनंतरही तेच. पानांची गर्दी झाली की कॅनॉपीत, म्हणजे वेलीच्या पानोऱ्यात, हवा खेळत नाही, पहाटेचं दव उशिरापर्यंत टिकतं, फवारा आतल्या घडापर्यंत पोचत नाही. डावणी आणि भुरी या रोगांना आणखी काय हवं? मग फवारणीच्या फेऱ्या वाढतात, ट्रॅक्टरचं डिझेल वाढतं, कवळ्या घडावर डावणी आली तर माल जातो. एका जास्तीच्या गोणीमागे यातलं किती, ते कुणालाच नेमकं काढता येणार नाही, मलाही नाही. पण २६६ रुपये ५० पैसे हा त्यातला सर्वात लहान आकडा असणार, एवढं मी पैजेवर सांगते.

स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. ते युरियासारखं वाहून जात नाही. आमची काळी, चुनखडीची जमीन. दिलेलं स्फुरद चुन्याला धरून बसतं, वेलीला सगळं मिळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा दिलं जातं. असं वर्षानुवर्षं चाललं की जुन्या बागेच्या अहवालात स्फुरदापुढे 'अत्यंत जास्त' असा शेरा येतो. आमच्या थोरल्या प्लॉटच्या अहवालात तो आला. शिफारशीचा नियम साधा आहे: कमी असेल तर मात्रा चौथाईनं वाढवा, अत्यंत जास्त असेल तर निम्मी करा. आप्पांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "म्हणजे आपलं रान चांगलं आहे." म्हटलं, चांगलं आहे म्हणूनच डीएपी निम्मं करायचं. ते म्हणाले, "चांगलं आहे ते डीएपीमुळेच." यावर वाद कसा घालायचा ते लेखाकर्मात शिकवत नाहीत.

आणि स्फुरद फार झालं की जस्त वेलीला उचलता येत नाही. पानं लहान राहतात, मग झिंकची फवारणी. पालाशाची घाई केली की मॅग्नेशियम मागे पडतं, मग मॅग्नेशियम सल्फेट. दुकानातली निम्मी पाकिटं आधीच्या गोणीनं केलेलं निस्तरण्यासाठी असतात असं मला कधीकधी वाटतं. दुकानदाराला हे म्हणून दाखवलं तर तो हसला आणि उधारीची वही पुढे केली.

कांद्याचं थोडक्यात सांगते. राहुरी कृषी विद्यापीठाची नेहमीची शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकराला ४० किलो नत्र, युरियाच्या दोन गोण्याही पुऱ्या लागत नाहीत. त्यातलं निम्मं लागवडीला, उरलेलं दीड महिन्याच्या आत हप्त्यानं. त्यानंतर नत्र द्यायचं नाही. पण पात जरा फिकी दिसली की हात राहत नाही, आणि उशिरा दिलेल्या युरियानं माना जाड होतात, काढणीनंतर त्या नीट सुकत नाहीत, आणि साठवणीच्या चाळीत तोच कांदा आधी सडतो. उन्हाळ कांद्याचा सगळा खेळ चाळीवर. भाव पडलेला असला तरी एक क्विंटल सडला की चार-पाच गोण्या युरियाचे पैसे गेले. ते वहीत कुठे लिहितात माहीत आहे? 'घट'. घटीला कुणी कारण विचारत नाही, ती होतेच, असं सगळे धरून चालतात.

आता आप्पांची बाजू, कारण ते काही हट्टानं बोलत नाहीत. द्राक्षाचा एकरी खर्च लाखांत आहे. एवढं घालून बसलेल्या माणसाला दोनशे-अडीचशे रुपये वाचवण्यासाठी घड बारीक राहण्याचा धोका पत्करा म्हणणं हा शुद्ध वेडेपणा. जास्तीची गोणी त्यांच्या लेखी विम्याचा हप्ता आहे. शिवाय कमतरता बांधावरून दिसते. पान पिवळं पडलं की रस्त्यानं जाणारा पाहुणाही विचारतो, काय नाना, खत नाही का दिलं? जास्तीचं झालेलं दिसत नाही. उलट काळीभोर पानं बघून चार माणसं बाग नावाजतात. हा नावाजण्याचा हिशेब मला वहीत कधी धरता आला नाही, पण तो फार मोठा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की विमा घ्यायचाच तर माहितीचा घ्यावा. तोही आपल्याकडे धड मिळत नाही, हे खरं. मृदा आरोग्य कार्डाची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला सुरू झाली. कल्पना चांगली, पण बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना. अडीच हेक्टरांत आमच्याकडे तीन भाऊबंद, दोन विहिरी, एक मुरमाड टेकाड आणि एक चिबड कोपरा येतो. ते कार्ड नक्की कुणाच्या जमिनीचं? धोरण आखणाऱ्याला त्याचा उपयोग असेल, छाटणीच्या तोंडावर उभ्या माणसाला कमी.

देठ परीक्षण मात्र मला मनापासून आवडतं. खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. प्लॉटमधून तिरकं चालत जायचं, एका वेलीची दोन पानं घ्यायची नाहीत, बांधाकडच्या आणि रोगट वेली सोडायच्या. पान खुडलं की पातं तिथंच तोडून टाकायचं, नाहीतर देठातलं सत्त्व पात्यात ओढलं जातं आणि अहवाल खोटा येतो. कागदी पिशवीत भरायचे, प्लास्टिकमध्ये घाम सुटतो. मूठभर हिरव्या काड्या, त्यातून वेलीनं खरोखर काय उचललंय ते कळतं. जमिनीत काय आहे आणि वेलीच्या पोटात काय गेलंय, यातलं अंतर चुनखडीच्या रानात फार असतं. एका प्लॉटच्या देठाची फी आम्हाला पंचवीस किलोच्या झिरो-बावन्न-चौतीसच्या (पाण्यात विरघळणारं स्फुरद-पालाशाचं खत) गोणीपेक्षा कितीतरी कमी पडते. या विद्राव्य खतांना युरियासारखं अनुदान नाही, बराचसा माल चीनमधून येतो, भाव कधी उसळेल सांगता येत नाही. त्यामुळे मोजून देण्यात खताचेच पैसे वाचतील अशी जागा कुठे असेल तर ती इथं, ड्रीपच्या टाकीपाशी.

अडचण वेळेची आहे. छाटणीनंतर सहा आठवड्यांत फुलोरा, देठ तेव्हा काढायचे, अहवाल यायला आठवडा-दहा दिवस. तोवर मणी धरलेले असतात आणि सल्लागाराच्या व्हॉट्सॲपवरच्या शेड्यूलप्रमाणे पुढचे दोन डोस सुटलेलेही असतात. शेड्यूल तारखेवर चालतं, वेलीवर नाही. गटातल्या सगळ्यांना तेच, मग एखाद्याची माती मुरमाड असो नाहीतर काळी. म्हणून अहवालाचा खरा उपयोग पुढच्या हंगामाला, आणि एवढा धीर धरायला घरात कुणीतरी जुने कागद फायलीत लावणारं लागतं. ते काम माझ्या वाट्याला आलंय.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि त्याला लॅब लागत नाही. शेड्यूलमध्ये एकरी अमुक किलो, तमुक ग्रॅम असं लिहिलेलं असायचं आणि मला त्या ग्रॅमचं हसू यायचं. एका दुपारी मी घरातले तांबे घेऊन बागेत गेले. ड्रीपर ताशी चार लिटरचा. म्हणजे पंधरा मिनिटांत एक लिटर पडायला हवं. एका लॅटरलच्या (ओळीतल्या ड्रीपच्या नळीच्या) पहिल्या ड्रीपरखाली माती उकरून एक तांब्या बसवला, मधल्याखाली एक, शेवटच्याखाली एक. पहिला काठोकाठ भरून वाहायला लागला. शेवटचा अर्ध्यावरही गेला नाही, तोंडाशी पांढरट खार जमलेला. खत पाण्यातूनच जातं, म्हणजे पहिल्या वेलीला शेवटच्या वेलीच्या दुपटीहून जास्त. सरासरी काढली तर शेड्यूल अगदी बरोबर, फक्त ती सरासरी एकाही वेलीला मिळत नव्हती.

आणि त्यातून पुढे जे होतं ते बघण्यासारखं आहे. शेवटच्या वेली फिक्या दिसतात. त्या रस्त्याकडच्या, लोकांच्या नजरेतल्या. मग सगळ्या प्लॉटचा डोस वाढवला जातो. फिक्या वेली जरा सावरतात आणि वरच्या टोकाच्या वेली आणखी माजतात, तिथंच बगलफूट, तिथंच भुरी आधी. हे चक्र किती वर्षं चाललं असेल कुणास ठाऊक. उपाय काय, तर लॅटरलची टोकं उघडून फ्लश करणं, फिल्टर धुणं आणि आम्ल प्रक्रिया. ते काम ह्यांनी आणि भाऊजींनी मिळून केलं. पुतण्याला मात्र ते पटलं नाही. ॲपमध्ये तांब्याची सोय नव्हती.

पाण्यावरूनच आठवलं. विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट असतं, आणि ते खतच आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेवढं नायट्रेट असलेलं पाणी बागेला दिलं तर दर एक लाख लिटरमागे साधारण एक किलो नत्र फुकट जातं. हंगामात एकराला कित्येक लाख लिटर पाणी लागतं. सल्लागार ते धरत नाही, आम्हीही धरत नव्हतो, कारण किलोभर नत्र म्हणजे तेरा रुपये. पण ते नायट्रेट पाण्यात आलं कुठून? बऱ्याच अंशी आमच्याच गोण्यांतून, आमच्या आणि वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या. आणि त्याच भूगर्भातलं पाणी गावाच्या नळाला येतं. मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेट असलेलं पाणी तान्ह्या बाळांना बाधतं हे डॉक्टर सांगतात. त्याचा खर्च माझ्या वहीत कोणत्याच रकान्यात नाही, कुणाच्याच वहीत नाही, म्हणून तो होतच नाही असं आपण समजून चालतो.

तर गेल्या हंगामाला आप्पांशी तडजोड झाली. सगळा प्लॉट नाही, दोन ओळी माझ्या. त्या दोन ओळींना बेसल डोसमध्ये, म्हणजे सुरुवातीला मातीत देतात त्या खतात, डीएपी नाही आणि नत्र निम्मं. आप्पांनी उदारपणे बांधाकडच्या ओळी देऊ केल्या. मी मधल्या मागितल्या, कारण बांधाच्या ओळी तशाही कमीच असतात आणि मग कमी आलं की खापर माझ्या डोक्यावर. दोन दिवस गेले यात. ड्रीपमधून खत सुटताना या ओळी बंद ठेवता याव्यात म्हणून लॅटरलना कॉक बसवावे लागले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कॉकचा खर्च कुठल्या रकान्यात?" म्हटलं, माझ्या पगारात.

माल त्या ओळींत शेजारच्या ओळींसारखाच दिसला. डोळ्याला तरी फरक कळला नाही, आणि एका हंगामावरून मी आप्पांशी पैज लावणार नाही. पण फरक दाखवला तो मुकादमानं. बागेतली कामं करायला आमच्याकडे सुरगाण्याकडची टोळी येते, काम एकरावर उक्तं. बगलफूट काढायच्या दिवसांत तो संध्याकाळी ओट्यावर आला आणि म्हणाला, "वहिनी, मधल्या त्या दोन ओळींत बाया लवकर पुढं सरकतात. फूट कमी आहे." मला आनंद लपवता आला नाही. माझ्या सगळ्या बोलण्याचा पुरावा मला अशा माणसानं दिला होता, ज्यानं खताची गोणी उचलली होती पण अहवाल कधी पाहिला नव्हता. मी चहा टाकला. तोवर आप्पांनी हिशेब लावलाही होता. "काम उक्तं. फूट कमी निघाली तरी पैसे तेवढेच. म्हणजे डीएपी मी वाचवायचं आणि वेळ यांचा वाचायचा."

आप्पांचं बरोबर होतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मजुरी रोजावर असती तर बचत आमची. उक्त्यावर आहे तर टोळीची. मुकादमही काही भोळा नाही. चहा संपवून उठताना म्हणाला, "सगळ्या बागेला असं केलं तर पुढच्या सालाला दर पाडू नका म्हणजे झालं."

दर अजून ठरलेला नाही. आप्पा म्हणतात, नत्र अर्ध्या बागेत कमी करायचं तर त्या अर्ध्याचा दर वेगळा लावा. हे म्हणतात, रोजावर बोलवा. रोजावर बोलवलं तर मुकादम सरळ दिंडोरीकडच्या बागा धरेल, छाटणीच्या दिवसांत टोळ्यांना कामाचा काही तोटा नाही. मी आहे तोच उक्ता दर द्यायच्या बाजूची आहे, फक्त एका अटीवर: कोणत्या ओळी हलक्या गेल्या आणि कोणत्या जड, हे त्यानं रोज संध्याकाळी येऊन सांगायचं, आणि मी ओळीचा नंबर टाकून ते लिहून घेणार. त्यासाठी वहीत नवीन रकाना आखलाय. मुकादमाला अट मान्य आहे. चहा रोज हवा, एवढंच तो म्हणाला.